विंडोजवर चालणारी डिस्क युनिक्सवर का अडली? स्कझीच्या पीसीवर पहिलं इन्स्टॉलेशन

पार्श्वभूमी

ही गोष्ट १९९८ सालची. छपाईचा मजकूर आणि चित्रं तयार करणाऱ्या एका छोट्या संस्थेत ती घडली. ओळख पटू नये म्हणून माणसांचा आणि कामाचा तपशील बदलला आहे. यंत्राचा तपशील मात्र जसाच्या तसा ठेवला आहे, कारण सगळं प्रकरण त्यातच दडलेलं आहे.

पीसी होता पेंटियम १३३, मेमरी ३२ एमबी. आत १.२ जीबीची एक आयडीई डिस्क आणि तिच्यावर विंडोज ९५. शिवाय पीसीआय खाचेत अॅडॅप्टेक २९४० हे स्कझी कार्ड. आयडीई आणि स्कझी या पीसीला डिस्क वगैरे उपकरणं जोडायच्या दोन पद्धती. स्कझी आलं होतं स्कॅनरसाठी. त्या काळात चांगला फ्लॅटबेड स्कॅनर घ्यायचा तर तो बहुतेक स्कझीच असे. कार्ड आलंच आहे म्हणून त्यावर चित्रांसाठी १ जीबीची डिस्क बसली आणि सीडी-ड्राइव्हसुद्धा स्कझीच घेतला गेला. पुढे स्कॅनर नव्या मशीनवर हलवला आणि हा पीसी मोकळा झाला.

मोकळ्या पीसीवर युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम बसवून त्याचा फाइल आणि मेल सर्व्हर करायचा असं ठरलं. २ जीबीची नवी स्कझी डिस्क आणली. काम दिलं एका तरुण ऑपरेटरकडे. डॉस-विंडोज त्याच्या हाताखालचं होतं, मशीन उघडून कार्ड बसवायलाही तो घाबरत नसे. युनिक्स मात्र त्याने कधी पाहिलंही नव्हतं. माझा सल्ला सुरुवातीला फोनवर घेतला गेला, नंतर मी प्रत्यक्ष गेलो.

पुढचं समजायला स्कझीबद्दल थोडं सांगायला हवं. आयडीईत एका केबलवर दोनच डिस्क, एक मास्टर आणि एक स्लेव्ह. स्कझी ही सामायिक बस आहे. एकाच तारेवर कार्ड आणि सगळी उपकरणं बसतात, आणि प्रत्येकाचा ० ते ७ मधला स्वतःचा आयडी असतो. कार्ड सहसा ७ घेतं, कारण त्याला सर्वांत जास्त प्राधान्य असतं. डिस्कला आज्ञा दिली की ती बस सोडून आपलं काम करते आणि माहिती तयार झाली की बस पुन्हा मागून घेते. तेवढ्या वेळात दुसऱ्या उपकरणाचं काम चालू राहतं. स्कझीचं सगळं सामर्थ्य यात आहे.

त्याची एक अटही आहे. या बसच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर, म्हणजे सिग्नल शोषून घेणारा रोधक, लागतो, आणि तो फक्त टोकांनाच. विहिरीत मारलेली हाक घुमून परत यावी तसा उघड्या टोकावरून सिग्नल उलटा फिरतो आणि पाठोपाठ येणाऱ्या सिग्नलमध्ये मिसळतो. मधल्या उपकरणावर जादा टर्मिनेटर राहिला तर उलट त्रास होतो. तारेवरचा भार वाढतो आणि सिग्नल खचतो.

कोणतं युनिक्स?

हा निर्णय फार अवघड नव्हता. विकत मिळणाऱ्या युनिक्समध्ये एससीओ ओपनसर्व्हर समोर होतं, पण त्याचा परवाना आणि वापरकर्त्यांच्या संख्येवर बेतलेला हिशेब संस्थेला झेपणारा नव्हता. लिनक्स आणि फ्रीबीएसडी हे फुकट मिळणारे पर्याय उरले. २९४० कार्ड दोन्ही चालवत होते. लिनक्समधला या कार्डाचा ड्रायव्हर जस्टिन गिब्ज यांनी फ्रीबीएसडीसाठी केलेल्या कामाचा आधार घेऊनच उभा होता, म्हणून मी फ्रीबीएसडीकडे झुकलो. शिवाय त्याची सगळी प्रणाली एकाच ठिकाणी, एकाच हातची तयार होते. शिकणाऱ्यापुढे पुस्तिका वेगळं आणि मशीन वेगळं म्हणतंय असं कमी वेळा येतं. आवृत्ती २.२.७ घेतली. ती त्याच वर्षी जुलैत आली होती.

आज मागे वळून पाहिलं तर लिनक्स घेतलं असतं तरी पुढच्या अडचणी जवळपास याच आल्या असत्या.

अडचण पहिली: अर्ध्यात गोठणारं इन्स्टॉलेशन

ऑपरेटरने तयारी नीट केली होती. जुन्या स्कझी डिस्कवरची चित्रं दुसऱ्या मशीनवर उतरवून घेतली, विंडोजच्या डिस्कचाही बॅकअप घेतला. इन्स्टॉलेशन चालू असताना आयडीई डिस्कची केबल काढून ठेवायची असं आम्ही फोनवर ठरवलं. पहिल्यांदा युनिक्स बसवणाऱ्याच्या हातून चुकीच्या डिस्कवर पार्टिशन लिहिलं जाण्याची भीती खरी असते, आणि जी डिस्क जोडलेलीच नाही ती कुणी पुसू शकत नाही. या निर्णयाची किंमत पुढे मोजावी लागली, ती येईलच.

नव्या डिस्कला आयडी ० दिला, जुन्या डिस्कचा १ आणि सीडी-ड्राइव्हचा ४ तसाच राहिला. बूट फ्लॉपी लावली. कर्नल, म्हणजे युनिक्सचा गाभा, चालू झालं, स्कझी उपकरणं स्थिर व्हावीत म्हणून ठरलेले १५ सेकंद थांबलं आणि त्याने सगळ्यांची नावं बिनचूक सांगितली. नवी डिस्क एसडी०, जुनी एसडी१, आणि सीडी-ड्राइव्ह. पार्टिशन झाले, फाइल सिस्टिम तयार झाल्या, सीडीवरून मूळ संच उतरायला लागला. टक्केवारी थोडी वर गेली आणि सगळं थांबलं. डिस्कचा दिवा सलग पेटलेला, पडदा स्तब्ध. रीसेट करून पुन्हा सुरू केलं तर पुन्हा थांबलं, पण या वेळी वेगळ्या ठिकाणी.

त्याचा फोन आला तेव्हा निदान त्याच्याकडे तयार होतं. "सर, सीडी खराब आहे, नाहीतर हे युनिक्स या मशीनला चालतच नाही. विंडोज रोज चालतं, मग मशीनमध्ये दोष कसा असेल?"

प्रश्न रास्त होता. पण पडदा गोठला तेव्हा कर्नल काय म्हणत होतं, हे त्यात आलंच नव्हतं. फ्रीबीएसडीच्या इन्स्टॉलरमध्ये ऑल्ट-एफ२ दाबलं की दुसरा पडदा येतो आणि आतली बडबड तिथे दिसते. मी त्याला पुन्हा सुरू करून तो पडदा उघडा ठेवायला आणि दिसेल ते जसंच्या तसं वहीत उतरवायला सांगितलं. त्याने उतरवलेलं साधारण असं होतं: एसडी०, डेटा-इन टप्प्यात वेळ संपली. त्याखाली सीडी-ड्राइव्ह, वेळ संपली. मग डेटा-इनमध्ये पॅरिटीची, म्हणजे बिटांच्या पडताळणीची, चूक. मग बस रीसेट. मग पुन्हा एसडी०.

त्या चार-पाच ओळींनी शोधाची दिशा ठरली. सीडी खराब असती तर तक्रार एकट्या सीडी-ड्राइव्हची आली असती, तीही 'वाचता येत नाही' अशा स्वरूपाची. डिस्क खराब असती तर एकट्या एसडी०ची. इथे दोघांची तक्रार एकच होती, ती आलटूनपालटून येत होती आणि सोबत पॅरिटीची चूकही होती. म्हणजे बिघाड त्या दोघांना जोडणाऱ्या गोष्टीत होता. केबल, टर्मिनेशन, नाहीतर कार्ड.

मग विंडोज रोज कसं चालत होतं? ते आयडीई डिस्कवर होतं. स्कझीवरच्या जुन्या डिस्कवर अधूनमधून एखादं चित्र साठवलं जायचं, तेव्हा बसवर एकच उपकरण बोलत असायचं, आणि चूक झालीच तर ड्रायव्हर गुपचूप पुन्हा प्रयत्न करायचा. खोदून विचारल्यावर कळलं, मोठी फाइल उतरवताना मशीन 'कधीकधी थोडं अडकतं' हे सगळ्यांना माहीत होतं. त्याला कुणी दोष म्हणत नव्हतं, एवढंच. युनिक्सचं इन्स्टॉलेशन मात्र सीडीवरून वाचतं आणि त्याच बसवर डिस्कला लिहितं, सलग, दम न घेता. दोन उपकरणं पूर्ण वेगाने आलटूनपालटून बस मागतात. या बसवर असा भार पहिल्यांदाच पडत होता.

निर्णयाचा क्षण: वेग कमी करावा का?

समोर चार वाटा होत्या. सीडी बदलावी. दुसरं युनिक्स लावून पाहावं. कार्डाच्या सेटिंगमध्ये वेग उतरवावा. नाहीतर मशीन उघडून तारेची सुरुवात ते शेवट तपासणी करावी.

पहिल्या दोन वाटा संदेशांनीच बंद केल्या होत्या. तिसरीचा मोह मोठा होता. मशीन सुरू होताना कंट्रोल-ए दाबलं की या कार्डाचा स्कझी-सिलेक्ट मेनू उघडतो, आणि तिथे प्रत्येक आयडीचा कमाल वेग ठरवता येतो. आम्ही तो १० वरून ५ एमबी प्रतिसेकंद केला. इन्स्टॉलेशन पहिल्यापेक्षा बरंच पुढे गेलं.

इथे संस्थेच्या प्रमुखांचं म्हणणं पडलं, की चालतंय ना, मग असंच पूर्ण करून टाका. मेलचं काम खोळंबलं होतं, त्यामुळे घाई समजण्यासारखी होती. मी ठाम नकार दिला. वेग कमी केल्यावर चुका कमी होतात, यातून बसचा सिग्नल कडेलोटावर आहे एवढंच सिद्ध होतं. ती चाचणी म्हणून छान आहे, उपाय म्हणून घातक. फाइल सर्व्हरवर अशी बस सोडली तर रोज काही होत नाही. एखाद्या दिवशी कुणाची तरी फाइल वाकडी उतरते, आणि ती कधी वाकडी झाली हे कुणालाच सांगता येत नाही. पॅरिटी एका बाइटमधली एका बिटाची चूक पकडते, दोन बिट एकदम उलटले तर ती गप्प राहते.

ऑपरेटरला हे लगेच पटलं. प्रमुखांना पटवायला वेळ लागला, पण एक दिवस मिळाला.

मशीन उघडल्यावर

दुसऱ्या दिवशी मी गेलो. मशीन टेबलावर आडवं ठेवून उघडलं आणि आतलं काही हलवण्याआधी कागदावर साखळी काढली. आतली रिबन केबल कार्डापासून निघून सीडी-ड्राइव्हला, तिथून नव्या डिस्कला, आणि शेवटच्या कनेक्टरवर जुन्या डिस्कला जात होती. मग मशीन फिरवून मागची बाजू पाहिली.

कार्डाच्या बाहेरच्या कनेक्टरला एक जाड राखाडी केबल लावलेली होती. तिचं दुसरं टोक टेबलामागे जमिनीवर पडलेलं. स्कॅनर गेला होता, त्याची केबल राहिली होती. नव्या मशीनसोबत नवी केबल आली, म्हणून ही कुणाला काढाविशी वाटली नाही.

त्या केबलपासून मागे जाताना सगळा उलगडा झाला. स्कॅनर होता तेव्हा साखळीचं एक टोक बाहेर स्कॅनरवर आणि दुसरं आत जुन्या डिस्कवर होतं. कार्ड मध्ये. म्हणून ज्याने ते बसवलं त्याने नियमाप्रमाणे कार्डावरचं टर्मिनेशन बंद केलं होतं आणि स्कॅनरवर टर्मिनेटर लावला होता. अगदी बरोबर काम. स्कॅनर गेला तेव्हा टर्मिनेटरही त्याच्यासोबत गेला. कार्ड आता टोकाला आलं, पण त्याचं टर्मिनेशन बंदच राहिलं. वर ती मोकळी केबल, म्हणजे बसला फुटलेला उघडा फाटा. फास्ट स्कझीला सगळी केबल मिळून ३ मीटरची मर्यादा आहे, आणि त्यातला मोठा वाटा हा फाटाच खात होता.

नवी डिस्क बाहेर काढून तिच्या खालच्या छापील पाटीवरचा जम्परांचा, म्हणजे पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्यांचा, नकाशा पाहिला. टर्मिनेशनचा जम्पर कारखान्यातूनच लावलेला होता. एकटी डिस्क घेणाऱ्याला ते सोयीचं, पण ही डिस्क केबलच्या मध्यात बसली होती. शेवटी बसलेल्या जुन्या डिस्कवर कनेक्टरशेजारी टर्मिनेटरच्या रोधकपट्ट्या खाचेत घट्ट बसलेल्या होत्या. त्या मात्र योग्य जागी होत्या. थोडक्यात, साखळीच्या एका टोकाला टर्मिनेटर होता, मध्ये नको असलेला एक होता आणि दुसऱ्या टोकाला काहीच नव्हतं.

बाहेरची केबल काढली. नव्या डिस्कचा जम्पर काढला. जुन्या डिस्कला हात लावला नाही. स्कझी-सिलेक्टमध्ये जाऊन कार्डाचं टर्मिनेशन चालू केलं आणि वेग पुन्हा १०वर नेला. एका वेळी एकच बदल करून दर वेळी चाचणी घ्यायची माझी इच्छा होती, म्हणजे कोणत्या दोषाचा वाटा किती हे कळलं असतं. वेळ नव्हता, आणि इथे ते चाललं, कारण तिन्ही बदल नियमाने आवश्यकच होते. अंदाजाने केलेले बदल असते तर मी तीन एकदम कधीच केले नसते.

यानंतर इन्स्टॉलेशन पूर्ण वेगाने एकदाही न थांबता संपलं. दुसऱ्या पडद्यावर एकही तक्रार नाही.

अडचण दुसरी: 'ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही'

फ्लॉपी काढून मशीन पुन्हा सुरू केलं आणि पडद्यावर बायोसच्या (मशीन चालू होताना आधी चालणाऱ्या प्रोग्रामच्या) संदेशांनंतर एकच ओळ आली: ऑपरेटिंग सिस्टिम गायब आहे.

ऑपरेटरचा चेहरा पडला. खरं तर ही अडचण पहिलीपेक्षा खूप सोपी होती, कारण ती दर वेळी तशीच, त्याच ठिकाणी येत होती. अधूनमधून होणारा दोष आणि दर वेळी होणारा दोष यांत मी केव्हाही दुसरा पत्करतो.

स्कझी डिस्क आपल्या जागा सलग क्रमांकाने ओळखते. सिलिंडर, हेड, सेक्टर या भानगडीशी तिचा संबंध नाही. पण पीसीचा बायोस जुन्या पद्धतीने हेच तीन आकडे मागतो आणि त्याला १०२४ सिलिंडरच्या पुढे मोजता येत नाही. म्हणून कार्ड खोटी भूमिती पुढे करतं. १ जीबीपर्यंतच्या डिस्कला ६४ हेड आणि ३२ सेक्टर, म्हणजे एक सिलिंडर बरोबर १ एमबीचा. त्याहून मोठ्या डिस्कला, विस्तारित भाषांतर चालू असेल तर, २५५ हेड आणि ६३ सेक्टर. आमच्या २ जीबी डिस्कचे यामुळे जेमतेम २६१ सिलिंडर होत होते.

नवी डिस्क पूर्ण कोरी होती. तिच्यावर पार्टिशनचा तक्ता नव्हता, तेव्हा कार्ड कोणती भूमिती दाखवतंय हे इन्स्टॉलरला कळायला मार्ग नव्हता. त्याने ६४ आणि ३२ गृहीत धरून तक्ता लिहिला. बायोसने तो २५५ आणि ६३च्या मापाने वाचला आणि भलत्याच सेक्टरवर जाऊन बूटचा कोड शोधत बसला.

इथे तीन पर्याय होते. इन्स्टॉलरमध्ये भूमिती हाताने लिहायची. किंवा संपूर्ण डिस्क फ्रीबीएसडीला देऊन नेहमीचा पार्टिशन तक्ता टाळायचा, ज्याला इन्स्टॉलर स्वतःच धोकादायक म्हणतो, कारण काही बायोस अशा डिस्कवरून बूटच होत नाहीत. किंवा डॉसच्या फ्लॉपीने आधी एक लहानसं पार्टिशन करायचं. डॉसचा एफडिस्क बायोसचंच माप वापरतो, त्यामुळे तक्त्यात योग्य भूमिती लिहिली जाते. मग फ्रीबीएसडीचा इन्स्टॉलर तोच तक्ता वाचून ती उचलतो आणि ते डॉसचं पार्टिशन पुसून टाकता येतं.

आम्ही तिसरा घेतला. हाताने आकडे लिहूनही भागलं असतं, पण मला हा मार्ग नवख्या माणसासाठी जास्त सुरक्षित वाटतो. आकडा चुकायला वावच राहत नाही, आणि डॉसची फ्लॉपी ऑपरेटरच्या ओळखीची होती. पुन्हा इन्स्टॉल करावं लागलं, पण आता बस निरोगी होती, त्यामुळे ते चहाच्या सुट्टीएवढंच काम उरलं होतं. रूट, म्हणजे प्रणालीचं मुळाचं पार्टिशन, छोटं ठेवलं, मेमरी कमी पडली तर वापरायला तिच्या दुप्पट म्हणजे ६४ एमबी स्वॅप दिला, मेल साठणार म्हणून व्हार या पार्टिशनला मोकळा हात दिला आणि बाकी सगळं यूएसआरला. या वेळी मशीन स्वतःच्या पायावर उठलं आणि लॉगिनची ओळ आली.

अडचण तिसरी: आयडीई परत जोडल्यावर

विंडोजच्या डिस्कवर काही जुनी कामं अडकली होती, म्हणून काही आठवडे ती याच मशीनमध्ये हवी होती. आयडीईची केबल परत लावली. दोन्ही डिस्कवर फ्रीबीएसडीचा बूट मॅनेजर घातला, म्हणजे एफ५ दाबून दुसऱ्या डिस्कवर जाता येईल. स्कझी डिस्क निवडली. कर्नल चढलं, उपकरणांची यादी आली, रूट म्हणून एसडी१ घेतोय असं म्हणालं, आणि रूट जोडता (माउंट करता) येत नाही म्हणून जागीच थांबलं.

सुरक्षिततेसाठी काढलेल्या केबलची किंमत ती हीच. आयडीई नव्हती तेव्हा बायोसच्या लेखी स्कझीची पहिली डिस्क ही शून्याव्या क्रमांकाची होती. आयडीई आली तशी तिने शून्य घेतला आणि स्कझी डिस्क एकावर सरकली. बूटचा छोटा प्रोग्राम बायोसचा क्रमांक पाहतो, म्हणून त्याने कर्नलला 'एसडी१' सांगितलं. पण कर्नल आयडीई आणि स्कझी वेगवेगळ्या मोजतं. त्याच्या लेखी आपली डिस्क अजूनही एसडी०च होती, आणि एसडी१ होती जुनी, डॉसच्या पार्टिशनची, चित्रांची डिस्क. तिच्यावर युनिक्सचं रूट असणार कुठून?

एक प्रकारे बरंच झालं. त्या डिस्कवर एखादं जुनं युनिक्स पडून असतं तर कर्नलने तेच रूट म्हणून घेतलं असतं आणि मशीन निमूट चुकीच्या प्रणालीवर चालू झालं असतं.

उपाय एका ओळीचा. बूटच्या प्रॉम्प्टवर बायोसचा क्रमांक वेगळा आणि कर्नलचा वेगळा द्यायचा: १:एसडी(०,ए)कर्नल. मशीन सुरू झालं. तीच ओळ रूटमधल्या बूट डॉट कॉन्फिग फाइलमध्ये लिहिली, म्हणजे दर वेळी टाइप करायला नको. ही ओळ ऑपरेटरने स्वतः शोधली. पुस्तिकेतल्या प्रश्नोत्तरांत वाचून, दोन क्रमांक वेगळे का आहेत ते समजून घेऊन. पहिल्या दिवशी 'युनिक्स चालत नाही' म्हणणारा हाच मुलगा, म्हणून मला त्याचा फार आनंद झाला.

निष्पत्ती

मशीन कामाला लागण्याआधी आम्ही एक रात्र स्कझीच्या बसला पिळून काढलं. दोन्ही डिस्क डीडी या कॉपीच्या आज्ञेने पहिल्या सेक्टरपासून शेवटपर्यंत एकाच वेळी वाचायला लावल्या आणि सोबत सीडीवरून कॉपी चालू ठेवली. सकाळी कन्सोलवर एकही नवी ओळ नव्हती. त्यानंतर सांबा बसवून विंडोजच्या मशीनना फाइल दिल्या आणि मेल सुरू केला.

काही आठवड्यांनी आयडीई डिस्क कायमची काढली. तेव्हा बूट डॉट कॉन्फिगमधली ओळ आधी बदलायची हे ऑपरेटरच्या लक्षात होतं, त्यामुळे पुन्हा अडायची वेळ आली नाही.

त्याच सुमारास त्याने पहिलं कर्नल स्वतः बांधलं. त्यामागे एक ठोस कारण होतं. २.२ मालिकेत स्कझी डिस्कना क्रमांक सापडतील त्या क्रमाने मिळतात. एखाद्या सकाळी आयडी ०ची डिस्क फिरायला लागलीच नाही, तर आयडी १ची डिस्क एसडी० होऊन बसेल आणि कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमधलं सगळं भलतीकडे बोट दाखवेल. कर्नलच्या मांडणीत आयडी ० म्हणजे एसडी०, आयडी १ म्हणजे एसडी१ असं बांधून टाकलं की हा प्रश्न मिटतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत स्कझीचा सगळा थर नव्याने लिहिला गेला आणि एसडीची नावं डीए झाली. संस्थेने तेव्हा लगेच उडी मारली नाही. नुकता स्थिरावलेला सर्व्हर नावं बदलण्यासाठी उघडायचं कारण नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठा बदल क्रमाचा. पहिल्या फोनवर आम्ही युनिक्सबद्दल बोललो. कोणती आवृत्ती, किती पार्टिशन, कुठली डिस्क काढायची. साखळीबद्दल कुणी बोललं नाही, आणि स्कझीच्या मशीनवर पहिला प्रश्न तोच असायला हवा: दोन टोकं कुठे आहेत आणि तिथे टर्मिनेटर आहे का? मशीनमधून कोणतंही उपकरण गेलं किंवा आलं असेल तर टोक सरकलंय असंच धरून चालावं. हे पाहायला युनिक्स येण्याची गरज नाही. ऑपरेटर ते पहिल्या दिवशी करू शकला असता.

दुसरी गोष्ट आधीच्या लक्षणांची. 'कधीकधी अडकतं' हे वाक्य संस्थेत कितीतरी दिवस फिरत होतं. जुन्या मशीनवर नवी प्रणाली चढवण्याआधी वापरणाऱ्यांना एवढंच विचारावं, की याच्या कोणत्या खोडींची तुम्हाला सवय झाली आहे. उत्तर फार उपयोगी पडतं.

आयडीई काढून ठेवण्याच्या निर्णयाबद्दल माझं मत आजही बदललेलं नाही. त्याने तिसरी अडचण ओढवली हे खरं, पण ती एका ओळीने सुटली. पुसलेली विंडोजची डिस्क एका ओळीने परत आली नसती. फक्त परत जोडताना क्रमांक सरकणार हे आधी सांगून ठेवलं असतं, तर त्या दुपारची धावपळ वाचली असती. काही बायोसमध्ये स्कझीला बूटच्या क्रमात पहिलं ठेवायची सोय असते. या मशीनमध्ये ती नव्हती, पण असेल तिथे आधी तीच पाहावी.

आणि राहता राहिला तो वेग उतरवण्याचा प्रश्न. प्रमुखांनी तो एक दिवस दिला नसता तर? मला वाटतं मशीन ५वर चाललं असतं, कदाचित बरेच महिने. मधल्या जादा टर्मिनेटरचा आणि मोकळ्या टोकाचा त्रास वाढता भार पडेपर्यंत दबून राहिला असता. तिसरी डिस्क जोडली गेली त्या दिवशी तो वर आला असता, आणि तेव्हा त्या डिस्कवर संस्थेचा सगळा मेल असता.